सौर नोडचं शेड्युलिंग शिकायचं असेल तर

रिअल-टाइम शेड्युलिंगचा, म्हणजे प्रत्येक काम ठरलेल्या वेळेआत संपावं असा प्रोसेसरवर कामांचा क्रम लावण्याचा अभ्यास बहुतेक जण लिऊ आणि लेलँड या संशोधकांच्या 1973 च्या पेपरपासून सुरू करतात. ज्याची डेडलाइन जवळ, ते काम आधी, हा ईडीएफचा (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) नियम. एकच प्रोसेसर आणि वीज कायम, तर याला तोड नाही. पण आमच्या आर्वी तालुक्यात पऱ्हाटीच्या वावरात, धुऱ्यावर पॅनेल लावून जमिनीची ओल मोजणारा नोड ठेवला, की हिशेब बदलतो. श्रावणात झड लागली की वेळ भरपूर असतो, वीजच नसते.

ईडीएफ हाती आलेलं काम लगेच उरकतो. जे दुपारनंतर चाललं असतं तेही सकाळीच करून वीज साठवणारा सुपरकॅपॅसिटर रिकामा करतो, आणि खरं घाईचं काम येतं तेव्हा साठ्यात काही उरलेलं नसतं. मोझर, ब्रुनेली, थीले आणि बेनिनी या संशोधकांच्या ‘लेझी शेड्युलिंग’मध्ये क्रम ईडीएफचाच, पण काम जमेल तितकं उशिरा सुरू होतं. साठा काठोकाठ भरला तर मात्र थांबायचं नाही, कारण पुढची वीज वायाच जाणार. हे कागदावर रेघा ओढून दोन-चारदा सोडवा. मला या विषयाची गोडी इथेच लागली.

प्रोसेसरमध्ये दोन कोर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे दोन भाग आले की ईडीएफची मक्तेदारी संपते. 2 मिलिसेकंदांची दोन कामं, डेडलाइन 20. तिसरं 20 मिलिसेकंदांचं, डेडलाइन 21. ईडीएफ दोन्ही कोर छोट्या कामांना देतो, मोठं काम 22 ला संपतं आणि डेडलाइन हुकते. मोठ्याला एक कोर राखून ठेवला असता तर तिन्ही वेळेत झाली असती. याला सुदर्शन ढल या संशोधकाच्या नावावरून ‘ढल इफेक्ट’ (Dhall effect) म्हणतात.

पॅनेलवरच्या वॅटवर विसंबू नका. तो आकडा सेलचं तापमान 25 अंश धरून दिलेला असतो. सिलिकॉन सेल दर अंशाला साधारण 0.4 टक्के घटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात सेल 65 अंशांवर गेला तर 16 टक्के तिथेच गेले. कालच्या याच वेळेवरून आजचा अंदाज बांधणारी सरासरी उन्हाळ्यात छान चालते, झडीच्या पहिल्या दिवशी साफ चुकते. म्हणून अंदाज बिघडला की रीडिंगमधलं अंतर वाढवणं, कोरची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज उतरवणं हे आधीच ठरवून ठेवा.

बोर्ड नंतर घ्या. आधी पायथनमध्ये छोटा सिम्युलेटर लिहा आणि जून ते सप्टेंबर स्वतःच्या वावरात टिपलेला पॅनेलचा करंट त्याला खाऊ घाला.