दम्याचा पंप पोरांच्या हाती देताना या चुका टाळा

सोयाबीनची काढणी लागली की आमच्याकडे दम भरलेली पोरं वाढतात. हडंब्याचं (मळणीयंत्राचं) कुटार उडतं, पहाटे गारवा असतो आणि छातीत शिट्टी वाजते. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत परिचारिका म्हणून काम करताना दर हंगामात त्याच चुका बघते. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं आपला दमा सांभाळायला नक्की शिकतं. घाई शिकवणाऱ्यांनाच असते.

"घेता येते ना?" विचारून मोकळं होणं

नववीतला एक पोरगा महिनाभर नेमानं औषध घेत होता. घरचे शपथेवर सांगत. तरी रात्री तीनला उठून बसायचा. डोस वाढवायचं ठरत होतं, तेवढ्यात मी म्हटलं, "माझ्यासमोर घे बरं." त्यानं यंत्रात घालून श्वासानं ओढायची कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्याला! यंत्र खोक्यातच होतं, प्लास्टिकही न फाडलेलं. "मले तं गोळीच वाटली, मॅडम." त्याचं काय चुकलं? चिठ्ठीवर 'सकाळी १, रात्री १' एवढंच होतं, आणि करून कुणीच दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून मी आधी पोराला करू देते, मग दुरुस्त करते. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवायचा, श्वास पुरता बाहेर सोडायचा, दाबताना सावकाश आत ओढायचं आणि श्वास रोखून मनात दहा आकडे मोजायचे. कॅप्सूलच्या यंत्रात मात्र जोरानं, खोल ओढायचं. मोठी माणसंसुद्धा या दोन्हींची गल्लत करतात. पुढच्या भेटीला मी पुन्हा करून बघायला लावते, त्याच्या पुढच्या भेटीलाही. फवाऱ्याला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, हवाच. "तो लहान लेकरांचा" म्हणून आठवीतले लाजतात, पण त्याच्याशिवाय बरंचसं औषध घशातच बसतं.

पंप कुलपात ठेवणं

याचा मला राग येतो. दहावीतली एक मुलगी, वावरात हडंबा चालू. पंप घरी कपाटात, किल्ली आईच्या कमरेला आणि आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला. कारण काय, तर पोरीला दमा आहे हे गावात कळलं तर सोयरीक जुळणार नाही. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणली, तेव्हा एका दमात दोन शब्द निघत नव्हते. ऑक्सिजन लावून, वाफेतून औषध देऊन ती सावरली. आई दाराशी किल्ली हातात धरून उभी होती. तिला बोलायला माझी जीभ उचलली नाही.

एक पंप दप्तरात आणि एक वर्गशिक्षकांकडे असावा. गाडीच्या डिकीत किंवा मे महिन्याच्या उन्हात ठेवू नये. आणि मुलीला आपल्या आजाराचं नाव मोठ्यानं घेता आलं पाहिजे.

बाकीच्या चुका

नुसत्या निळ्या, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायच्या, पंपावर राहणं. तो नळ्या मोकळ्या करतो, पण आतली सूज रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंच उतरते. आराम पडला की पोरं रोजचा पंप सोडतात. निळा आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला तर डॉक्टरांना दाखवा. "पंपाची सवय लागते" ही अफवा आहे. कोजागिरीला दम्यावर म्हणून देतात ती खीर हौसेनं घ्या, पण पंप बंद करू नका.

स्टेरॉइडनंतर चूळ न भरणं: तोंड येतं.

पंप संपलाय का, हे पाण्यात तरंगवून बघणं: चुकीचं. औषध संपलं तरी फवारा येत राहतो. मी सुरू केल्याची तारीख मार्करनं पंपावरच लिहायला लावते. १२० फवाऱ्यांचा पंप रोज चार घेतले तर तीस दिवस पुरतो.

"आता मोठा झालास, तूच बघ" म्हणून हात झटकणं. पहिला महिना पोरानं घ्यावं आणि आईनं बघावं. नंतर आठवड्यातून एकदा.

आणि धाप लागल्यावर झोपवू नका. ताठ बसवा, निळ्या पंपाचे एकेक करून चार फवारे स्पेसरमधून द्या, चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत तसेच चार-चार देत राहा. बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर आधी फोन. गाडी पांदणीतून वावरापर्यंत येत नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर कुठल्या झाडाखाली उभं राहायचं हे पोराला आणि घरच्यांना आजच ठरवून ठेवायला सांगा.