कंपनीची सिस्टीम काढून गाडीत नेव्हिगेशनवाला स्टीरिओ कसा बसवावा

गाडी आठ-दहा वर्षांची झाली तरी इंजिन ठणठणीत असतं. डॅशबोर्डवरची सिस्टीम मात्र सीडी आणि एफएमच्या काळातच अडकलेली असते. दुकानात अँड्रॉइड स्टीरिओ तासाभरात बसवून मिळतो. माझ्या पहिल्या गाडीत तसाच बसवून घेतला होता. बसवणाऱ्या पोराने कंपनीचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सरळ कापला, वायरी पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. पुढच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाझरला आणि खड्डा आला की मागचे स्पीकर गप्प व्हायला लागले. दुसऱ्या गाडीच्या वेळी मी स्वतःच बसवला. एक रविवार गेला, पण मूळ वायरीला पक्कड लावली नाही.

आधी मोजमाप

जुन्या सिस्टीमचं तोंड साधारण १८० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच असेल तर तो डबल डिन, उंची ५० मिमी असेल तर सिंगल. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० मिमी असते. नऊ-दहा इंची स्क्रीन त्या खाचेत जात नाही, ती पुढे फ्रेमवर बसते. ही फ्रेम आणि मागचा कपलर तुमच्या गाडीच्या मॉडेलचा आणि वर्षाचाच मागा.

जुनी सिस्टीम गाण्यांशिवाय काय काय करते तेही बघून ठेवा. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांत त्यांचं चित्र किंवा आवाज याच सिस्टीममधून येतो. तसं असेल किंवा स्टीअरिंगवरची बटणं चालू राहायला हवी असतील, तर गाडीला जुळणारा कॅनबस डबा (गाडीचे सिग्नल नव्या युनिटला कळतील असे करून देणारा) लागेल का ते घेतानाच विचारा. खोक्यावर छापलेल्या अँड्रॉइडच्या आकड्याला भुलू नका, रॅम बघा. २ जीबीत नकाशा आणि गाणी एकदम लावली की स्क्रीन रखडते.

काढताना

इग्निशन बंद करा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि चहा पिऊन या. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत. काही गाड्यांत बॅटरी सुटली की जुना स्टीरिओ कोड मागतो. त्याची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत आहे का ते आधीच शोधून ठेवा.

पॅनेल प्लॅस्टिकच्या लॉकवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर खुपसला की कडेला कायमचा ओरखडा पडतो, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी घ्या, नाहीतर जुनं एटीएम कार्ड. कोपऱ्यापासून सुरुवात करा. पहिलं लॉक सुटताना येणारा ‘कट्’ आवाज काळजात धस्स करतो, पण तो बहुधा लॉकचाच असतो. पॅनेल हिसका मारून ओढू नका, मागे हॅझार्डच्या बटणाचा कपलर असू शकतो. आता सिस्टीमचे स्क्रू काढा, ती अर्धी बाहेर घ्या आणि मागच्या जोडण्यांचा फोटो काढून मगच कपलर सोडवा.

वायरी

खरं काम इथे आहे. नव्या युनिटची पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थिंग. बरोबरचा कपलर घेतला असेल तर हे सगळं आपसूक जुळतं, पण विश्वास मल्टिमीटरवर ठेवा. पॅनेलचे सुटलेले कपलर परत लावा, मग बॅटरी जोडा आणि मोजा: पिवळ्यावर चावीशिवाय १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, लालवर फक्त चावी फिरवल्यावर. काही युरोपीय गाड्यांत या दोन जागा उलट असतात. अदलाबदल झाली तर रोज सकाळी घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसलेली सापडतात, वर बॅटरीही उतरू शकते. मोजून झालं की बॅटरी पुन्हा सोडा आणि मगच बाकीच्या जोडण्या करा.

स्पीकरच्या वायरी पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी अशा जोडीने येतात, काळी रेघ असलेली निगेटिव्ह. ती निगेटिव्ह अर्थिंगला कधीही जोडू नका, आतला अॅम्प्लिफायर जळेल. एफएम खरखरत असेल तर अँटेनाच्या बूस्टरला करंट देणारी निळी वायर राहिली का ते बघा.

जीपीएसची चौकोनी अँटेना युनिटच्या मागे कोंबू नका, तिथली लोखंडी पट्टी सिग्नल अडवते. ती डॅशबोर्डवर काचेखाली, चिकटवायची बाजू खाली आणि वरची बाजू आकाशाकडे करून चिकटवा. वायर स्टीअरिंगच्या दांड्यापासून लांबून न्या.

पॅनेल बंद करण्याआधी

बॅटरी जोडून गाडी उघड्यावर आणा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएस सापडणार नाही आणि तुम्ही उगाच वायरी उचकत बसाल. नव्या युनिटला पहिल्यांदा उपग्रहांचं पंचांगच, म्हणजे कुठला उपग्रह कधी कुठे असेल ही माहिती, मिळवावं लागतं. ते संपूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, तरी जागा त्याआधी सापडू शकते. तोवर चारही स्पीकर, हॅझार्ड, हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद होते का, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा येतो का, हे सगळं बघून घ्या. एअरबॅगचा दिवा जळत राहिला तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. सगळं ठीक असेल तर वायरींना फोमची टेप गुंडाळा, नाहीतर खराब रस्त्यावर डॅशबोर्ड खडखडतो. मग लॉक दाबा.

ताम्हिणीसारख्या घाटात नेटवर्क जातं, म्हणून ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. बोगद्यात मात्र तोही पुरत नाही. कंपनीच्या नेव्हिगेशनला बहुधा चाकांचा वेग कळतो, त्यामुळे त्याचा बाण आतही सरकतो. बाहेरच्या बहुतेक स्वस्त युनिटना तो मिळत नाही. तेव्हा एक्स्प्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात बाण थबकला, तर पॅनेल परत उघडू नका.