जुने संगणक भंगारात घालू नका

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत आठ संगणक धूळ खात पडले होते. हार्डडिस्क गेलेल्या, रॅम २ जीबी. आज आठही एका सर्व्हरवरून, नेटवर्कमधून सुरू होतात.

सर्व्हर म्हणून एकच दमदार मशीन घ्या: १६ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क). त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका, मग एलटीएसपी (डिस्क नसलेले संगणक सर्व्हरवरून सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि डीएनएसमास्क (त्यांना नेटवर्कवर पत्ता आणि सुरू व्हायची फाइल देणारं). सगळी मशीन जोडणारा नेटवर्क स्विच गिगाबिटचाच घ्या, इथं पैसे वाचवू नका.

जुन्या मशीनची हार्डडिस्क काढून टाका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात रॅमच्या पट्टीवर मळ धरतो. सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट, म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणं, पहिलं ठेवा. सेटिंग रोज पुसलं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, तीन मशीनचं दुखणं तेवढंच होतं.

सर्व्हरवर एलटीएसपीच्या या आज्ञा चालवा: ‘इमेज’ (प्रणालीची प्रत), ‘आयपीएक्सई’ (सुरू होतानाचा मेनू), ‘एनएफएस’ (प्रत नेटवर्कवर वाटणं), शेवटी ‘इनिटआरडी’ (खाती आणि सेटिंग जुन्या मशीनपर्यंत पोचवणं). नवीन विद्यार्थ्याचं खातं उघडलं की ‘इनिटआरडी’ पुन्हा चालवायचं. मी विसरलो आणि एक पोरगी तासभर लॉगिनपाशी अडकून बसली, फार वाईट वाटलं.

२०१९ नंतरच्या एलटीएसपीत प्रोग्रॅम जुन्या मशीनच्याच रॅममध्ये चालतात. म्हणून रॅम १ जीबीच असेल तर एक्सटूगोनं (दूरच्या मशीनचा डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर) डेस्कटॉप थेट सर्व्हरवर चालवा.