सॅक घेताना ती आतून बघा

शनिवार पेठेत माझं सॅक, बॅगा आणि तंबू दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. जून लागला की राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडावरून उतरलेल्या सॅका चिखलासकट माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यांतल्या बहुतेकींचं कापड ठणठणीत असतं. उसवलेला असतो खांद्याचा पट्टा, नाहीतर गेलेली असते चेन. आणि दुकानात सॅक घेताना लोक नेमकं कापड चोळून बघतात, कप्पे मोजतात, रंगावरून घरच्यांशी वाद घालतात. शिवण कोणी बघत नाही.

तर दुकानात गेलात की पहिल्यांदा सॅक पूर्ण उघडा आणि शक्य तितकी उलटी करा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे. आतल्या शिवणींच्या कडा गोट लावून बंद केलेल्या हव्यात. कापडाची कड उघडी असेल आणि तिच्यातून सुतं लोंबत असतील, तर ती सॅक तशीच ठेवून द्या. कड विरत विरत टाक्यापर्यंत पोहोचते आणि एक दिवस भरल्या वजनात शिवण सुटते. टाका कडेला अगदी चिकटून मारलेला असेल तरी तेच होणार. सेंटिमीटरभर कापड शिवणीच्या आत दबलेलं हवं.

मग खांद्याचे पट्टे. पट्टा पाठीला जिथे मिळतो तिथे सगळं वजन येतं. तिथे नुसती एक सरळ शिवण असेल तर ती कॉलेजची बॅग समजा, ट्रेकची नव्हे. पट्टा कापडाच्या दोन थरांमध्ये खोल गेलेला हवा, आणि वर चौकोनात फुली मारलेली शिवण किंवा दाट नागमोडी टाके, ज्याला आम्ही बारटॅक म्हणतो, ते हवेत. एका हाताने सॅक दाबून धरा, दुसऱ्याने पट्टा जोरात ओढा. टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसला तर पैसे खिशातच ठेवा. मानेजवळची उचलायची कडी याच रीतीने तपासा. एसटीच्या फळीवर सॅक चढवताना सगळे तिलाच धरतात. निदान तिला धरा, एका पट्ट्याला धरून भरलेली सॅक भिरकावू नका. माझा निम्मा धंदा त्या सवयीवर चालतो.

चेनचा नंबर म्हणजे बंद दात साधारण किती मिलिमीटर रुंद आहेत ते. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० नंबर, बाहेरच्या छोट्या कप्प्यांना ५ चालतो. चेन काटकोनात वळवलेली नको, गोलाईने वळवलेली हवी. कोपऱ्यातच रनर अडतो आणि माणूस चिडून हिसका देतो. दात फाकायला लागले की चेन गेली असं लोक धरून चालतात. बऱ्याचदा झिजून सैल झालेला असतो तो रनर. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की काही महिने निघतात, नवा टाकला तर आणखी बरीच वर्षं. खरं सांगायचं तर टिकाऊपणाच हवा असेल तर वरून नाडीने आवळायची आणि झाकण असलेली सॅक घ्या. चेन जितक्या कमी, तितकं माझ्याकडे येणं कमी.

कापडाबद्दल थोडक्यात. लेबलवरचा ‘डी’ म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. आकडा मोठा म्हणजे कापड मजबूत असं सरसकट नसतं. घट्ट विणलेलं ४२० चं नायलॉन ढिल्या ६०० च्या पॉलिस्टरला घासण्यात हरवू शकतं. बुडाशी मात्र जाड किंवा दुहेरी कापड हवंच. आपला बसाल्ट खरखरीत, आणि रॉकपॅचवरून, म्हणजे उघड्या कातळाच्या टप्प्यावरून, बसत बसत उतरताना आधी सॅकचं बूड घासतं.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर पैसे घालवू नका. कापड असेल वॉटरप्रूफ, पण सुईने त्याला शेकडो भोकं पाडलेली असतात. ताम्हिणीच्या पावसात पाणी शिवणीतून आत येतं, आणि वरचं रेनकव्हर कोकणकड्यावरच्या वाऱ्यात पतंगासारखं उडतं. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, कपडे तिच्यात भरा.

सेलमध्ये जुना माल स्वस्त मिळतो. तो घेण्याआधी कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला दिलेल्या लेपावरून हात फिरवा आणि वास घ्या. चिकट लागला, आंबूस वास आला किंवा पापुद्रे निघाले तर दमट हवेने लेप मेलाय. तो मला परत लावता येत नाही. घरची सॅकही याच कारणाने पावसाळ्यानंतर ओली माळ्यावर टाकू नये. सावलीत उघडी टांगून पूर्ण वाळवावी. वॉशिंग मशीन तर नकोच.

हल्ली नेटवर बघून ‘हंटिंग पॅक’ मागणारी मुलं येतात. वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, पण त्या सॅका मजबूत असतात हे खरं. मांस वाहून आणायला केलेली पाठीची फ्रेम भक्कम असते, कमरेचा पट्टा जाड असतो. तेवढं गुण म्हणून घ्या. बाहेर लोंबणारे पट्टे आणि सामान अडकवायच्या कड्यांच्या रांगा करवंदीच्या जाळीत अडकतात, भीमाशंकरच्या शिडी घाटात तर नकोच नको. झाडीत मिसळून जाणारा तो हिरवट छापही आपल्या कामाचा नाही. धुक्यात पुढचा माणूस दिसायला हवा, म्हणून लाल किंवा केशरी घ्या.

मापाचं म्हणाल तर एका दिवसाला २० ते ३० लिटर, मुक्कामाला ४० ते ५०. लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातल्यावर वर येणारा मणका ते कमरेच्या हाडांची वरची रेघ, हे अंतर टेपने मोजून घ्या. मग सॅकमध्ये सात-आठ किलो भरायला सांगा. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या बऱ्या, बाटलीमागे किलो धरा. कमरेचा पट्टा हाडांवर आवळा आणि जिना चढून-उतरून या. वजन खांद्यावरच राहिलं तर ते माप तुमचं नाही, मग भाव कितीही पाडून देवोत.

शेवटी बकलं. २० किंवा २५ मिलिमीटरच्या साध्या पट्टीची असतील तर फुटलेलं बकल बदलायला मला पाच मिनिटं लागतात. कंपनीचं खास आकाराचं असेल तर तसंच दुसरं मिळत नाही, सगळा पट्टाच बदलावा लागतो. आणि जुनी सॅक तपासायला आणायचीच असेल तर मे संपायच्या आत आणा. पहिला पाऊस पडला की माझ्याकडून पंधरा दिवसांच्या आत काही मिळत नाही.