मोठ्या मोकळ्या दालनासाठी उष्णतेची सोय निवडताना

ब्रिटनमध्ये घर घेतलेली अनेक मराठी कुटुंबे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत पाडून, बागेच्या बाजूला काचेचे रुंद दरवाजे बसवून, एकच प्रशस्त दालन करून घेतात. अशा दालनासाठी उष्णतेची सोय निवडताना उपकरणांच्या किमतींपासून सुरुवात करू नये. उष्णता कोठून आणि किती बाहेर जाते, हे आधी मोजावे. आत 21 आणि बाहेर उणे 3 अंश असताना 12 चौरस मीटर एकेरी काचेतून सुमारे 1.4 किलोवॉट उष्णता जाते, तर चांगल्या दुहेरी काचेतून जेमतेम 0.4 किलोवॉट. मराठी स्वयंपाकात फोडणीमुळे धूर ओढणारा पंखा बराच वेळ चालतो, याकडेही सहसा कोणी लक्ष देत नाही. तो ताशी 300 घनमीटर हवा बाहेर टाकत असेल आणि आतबाहेरच्या तापमानात 20 अंशांचा फरक असेल, तर तो चालू असेपर्यंत जवळपास 2 किलोवॉट ऊब त्या हवेबरोबर निघून जाते.

जमीन उकरलीच जाणार असेल, तर फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवणे हाच माझ्या मते सर्वांत उत्तम पर्याय आहे. ऊब खालून सर्वत्र सारखी मिळते, भिंती मोकळ्या राहतात आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलांना व मांडी घालून बसणाऱ्या आजी-आजोबांना तिचा थेट लाभ होतो. पाणी 35 ते 45 अंशांचे पुरत असल्याने हीट पंपाशी, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राशी, या सोयीचा मेळ चांगला बसतो. मात्र नळ्यांखाली उष्णतारोधक थर हवाच, आणि वर जाड गालिचे अंथरू नयेत. फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांच्या वर नेत नाहीत, त्यामुळे काच फार असल्यास एवढी ऊब पुरेलच असे नाही. शिवाय काँक्रीटचा थर तापायला काही तास लागतात. म्हणून ही सोय सतत मंद चालू ठेवावी लागते.

जमीन उकरणे शक्य नसेल, तर गरम पाण्यावर चालणारे रेडिएटर घ्यावेत आणि त्यांतला एक तरी काचेजवळ बसवावा, म्हणजे काचेवरून खाली उतरणारा गार झोत तेथेच अडतो. हीट पंप लावायचा असेल, तर रेडिएटरांचा आकार मोठा निवडावा, कारण हीट पंपाचे पाणी कमी गरम असते, आणि पाणी व खोली यांच्या तापमानातला फरक 50 ऐवजी 30 अंश असला की त्याच रेडिएटरची उष्णता जवळपास निम्मी होते.

साधा विजेचा हीटर एका युनिटमागे एकाच युनिटची उष्णता देतो, तर हीट पंप साधारण तीन युनिटांची. म्हणून हीटर केवळ पूरक म्हणून ठेवावा. लाकडाची शेगडी बसवायची असल्यास स्वयंपाकघरातला पंखा तिचा धूर खोलीत ओढणार नाही, याची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावाच. दरपत्रक मागवताना ठेकेदाराकडून उष्णताहानीचा लेखी हिशेबही घ्यावा. तो न देणाऱ्याला काम देऊ नये.