टॉर्च लवकर मंद होतेय? सेल बदलायच्या आधी हे करा

रावेर यावलकडे रात्रीची लाईट आली की केळीला पाणी द्यायला जावंच लागतं, आणि नेमकी तेव्हाच 18650 सेलची (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) टॉर्च मंद होते. साध्या टॉर्चमध्ये करंट सांभाळणारं सर्किट नसतं, सेल उतरला की उजेडही उतरतो, त्यात कॉन्टॅक्टवर मळ असला की चांगला सेलसुद्धा मेल्यासारखा वाटतो. मी दोन सेल उगाच फेकले भाऊ.

1. सेल काढा, मागच्या झाकणाचे आटे आणि स्प्रिंग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा, काळं काळं निघतं, कापूस पांढरा राहीपर्यंत पुसायचं.
2. सेलची दोन्ही टोकं खोडरबरने घासा, कण झटका.
3. पूर्ण वाळू द्या, मग झाकण घट्ट आवळा, अर्धा आटा ढिला असला तरी उजेड फडफडतो.

व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर बघा, फुल चार्ज 4.2 व्होल्ट असतो, 3 च्या खाली जाऊ देऊ नका, फारच उतरला तर सेल कायमचा खराब होऊ शकतो.

आणि सेलचं वरचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर तो अजिबात वापरू नका, खिशात किल्ल्यांसोबत सुटा सेल तर नकोच, शॉर्ट झाला की पेट घेतो.