जुनी क्रॉसओव्हर घेण्यापूर्वी
मराठवाड्यात जुन्या क्रॉसओव्हरचा, म्हणजे एसयूव्हीसारखी दिसणाऱ्या पण साध्या कारच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीचा, खरा फायदा तिच्या उंचीत आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती हॅचबॅकपेक्षा सहज निघते. मात्र बहुतेक क्रॉसओव्हरची फक्त पुढची चाके ओढतात, त्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तिच्यावर जीपइतका भरवसा ठेवू नये. टायरही महाग पडतात.

पाहणी भर दुपारी करावी, विकणाऱ्याने संध्याकाळची वेळ सुचवली तरीही. एसी चालू ठेवून गाडी अर्धा तास चालवावी, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे आणि सस्पेन्शनचा खडखडाट ऐकावा, कारण मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेल्यावर कमकुवत रेडिएटर आणि कॉम्प्रेसर लपून राहत नाहीत. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि मालकी बदलाच्या आरटीओ अर्जांवर (नमुना २९ व ३०) मालकाची सही मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.